भोईरसाहेबांचा टुक

एका माणसाची नजर जात होती, आणि मी त्याची काठी काढून फेकून दिली. वर ऑफिसातल्या बायकांकडून कौतुक करून घेतलं आणि त्या आनंदात कॅन्टीनमध्ये दोन बटाटेवडे खाल्ले. इतकी वर्षं झाली तरी त्या वड्यांची चव मला आठवते, यावरून मी कुठल्या लायकीची होते ते कळेल.

काठी लाकडाची नव्हती म्हणून मला दिसली नाही. कॉम्प्युटरमधली चार ओळींची एक फाइल होती ती. दर तासाला जागी व्हायची, मशीनची नाडी बघायची आणि टुक असा आवाज करून पुन्हा झोपी जायची. मी ती एका हुकमात पुसली. भोईरसाहेबांचे डोळे जातायत हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. तुम्हाला मात्र आधीच सांगून ठेवते. नाहीतर पुढचं वाचताना तुम्हीही त्यांना हसाल, आणि त्यांना हसून घेणारे आधीच पुष्कळ झाले.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. डोंबिवलीच्या एमआयडीसीत कापडाचे रंग बनवणारा एक कारखाना होता, तिथल्या कॉम्प्युटर विभागात मी लागले. तिशी उलटलेली, पदरी दोन पोरं, ठाण्याला खोपटच्या डेपोमागे दोन खोल्या आणि हातात एका क्लासचं सर्टिफिकेट. ते मी लॅमिनेट करून घेतलं होतं. नातवंडांना हे सांगितलं की ती हसून लोळतात. लोळोत. मला स्वतःलाच त्या बाईचे कान उपटावेसे वाटतात.

कॉम्प्युटरची खोली म्हणजे तेव्हा देवघर. काचेचं दार, थंडगार एसी, चपला बाहेर. आत एकच मोठं मशीन, त्याच्या वायरी भिंतीतून अकाउंट्स, स्टोअर्स, डिस्पॅचपर्यंत गेलेल्या आणि प्रत्येक टोकाला हिरव्या अक्षरांचा पडदा. माऊस नाही, चित्रं नाहीत. काळ्या पडद्यावर हुकूम टाइप करायचा, मशीन त्याचं उत्तर देणार. युनिक्स म्हणायचे त्याला. आज ज्याला लिनक्स म्हणतात ते त्याचंच धाकटं भावंड, बोलणं-चालणं सगळं थोरल्यासारखं.

या देवघराचे पुजारी यशवंत भोईर. कोपरचे आगरी. पंचेचाळिशीचे, आडव्या बांध्याचे, डोक्याला खोबरेल, आणि डब्यात रोज सुकट नाहीतर बोंबील. एसीच्या खोलीत सुकटीचा वास काय करतो ते ज्याने सोसलं त्यालाच ठाऊक. मी नाकाला पदर लावायची. ते म्हणायचे, "लेलेबाय, हा वास मशीनला चालतो. तुमच्या उदबत्तीच्या धुराने मात्र डिस्क मरते."

आमच्या ड्रमयार्डाच्या जागी एके काळी त्यांच्या वडिलांची भातखाचरं होती. जमीन गेली, बदल्यात घरातल्या एकाला नोकरी मिळाली. भाऊ उरलेल्या जमिनीवर बिल्डरांना घेऊन इमारती उठवत होता, हातात दोन-दोन अंगठ्या घालून फिरत होता. "दादा, तू कशाला तिकडे नोकरी करतोस, घरी बस, मी आहे," असं तो येता-जाता म्हणायचा. भोईरसाहेब बसत नव्हते. एकदा मी विचारलं, का नाही बसत? आपल्या फिरत्या खुर्चीचा हात थोपटून ते म्हणाले, "बापाच्या जमिनीतली एवढी जागा माझ्याकडे उरलीय. ही सोडली तर मग मी भावाच्या घरचा पाहुणा."

पहिल्या दिवशी त्यांनी मला पडद्यासमोर बसवलं आणि स्वतः मागे उभे राहिले.

"टाइप करा. हू ॲम आय. सगळं जोडून."

मी केलं.

"काय म्हणतंय?"

"रूट म्हणतंय, सर."

"रूट म्हणजे मालक. या मशीनमध्ये रूटला कोणी नाही म्हणत नाही. त्याला सांगितलंत स्वतःचा गळा काप, तर कापून मोकळं होईल, पुन्हा विचारणार नाही. म्हणून रूट होऊन बसलं की हात मांडीवर ठेवायचे. डोकं आधी, बोटं मागून."

मला त्यातला 'मालक' एवढा एकच शब्द ऐकू आला. बाकीचं एसीच्या घरघरीत गेलं.

"काय म्हणतंय?" हा त्यांचा दिवसातला सगळ्यात लाडका प्रश्न. हुकूम ते टाइप करायचे, कीबोर्डकडे न बघता, पडद्याकडेही न बघता, खिडकीबाहेरच्या धुराड्याकडे तोंड करून. बोटं अशी चालायची की भजनातल्या मृदंगावर चालावीत. आणि उत्तर आलं की मला विचारायचे, काय म्हणतंय? मला वाटायचं, काय हा तोरा! साहेब हुकूम सोडणार आणि आम्ही पोपटासारखं वाचून दाखवायचं. घरी जाऊन मी यजमानांना त्यांची नक्कल करून दाखवायची. नक्कल छान वठायची.

त्यांचे नियमही असेच विचित्र वाटायचे. काहीही करायच्या आधी पीडब्ल्यूडी. रस्ते बांधतं ते खातं नव्हे; आपण मशीनच्या कुठल्या कप्प्यात उभे आहोत ते सांगणारा हुकूम. एका बैठकीत माणूस तो किती वेळा मारेल? भोईरसाहेब प्रत्येक पावलाला मारायचे.

"सर, आत्ताच तर बघितलंत."

"तेव्हा बघितलं. आता कुठे आहे?"

"तिथेच!"

"लेलेबाय, नांगर घालायच्या आधी बांध बघावा लागतो. शेजाऱ्याच्या खाचरात फाळ गेला तर आमच्यात कोयते निघतात. इथं पुसलेलं परत येत नाही. तुमच्याकडे कचऱ्याची टोपली तरी असते, इथे टोपलीपण नाही."

दुसरा नियम, मशीनला सगळं विचारायचं नाही. आम्ही नवी मंडळी यादी मागवायचो तर पडदाभर नावं धबधब्यासारखी ओतायची. ते आधी नुसतं विचारायचे, ओळी किती आहेत? मग ग्रेप नावाच्या हुकमाने हवा तो शब्द असलेलीच ओळ उचलायची. नाहीतर टेल लावून शेपटाकडच्या दोन-तीन ओळी. "खाडीत उतरायच्या आधी पाणी गुडघ्याला आहे का कमरेला, ते बघावं," म्हणायचे. हा शिस्तीचा नमुना म्हणून मी पुढे कैक पोरांना शिकवला. एका ओळीपलीकडे त्या डोळ्यांना पेलत नव्हतं, हे शिकवण्यात कधी आलं नाही.

बॅकअपच्या टेपांवर ते तारखा लिहायचे नाहीत, रबरबँड गुंडाळायचे. सोमवारला एक, मंगळवारला दोन, असे चढते. शनिवारची टेप अगदी पापडाच्या पुडीसारखी दिसायची. मी एकदा हौसेने सगळे रबरबँड काढून, लाल शाईने वार लिहून, सुंदर लेबलं चिकटवली. दुसऱ्या दिवशी रबरबँड परत आले होते, लेबलांच्या वरून. मी मनात म्हटलं, खेडवळ ते खेडवळच.

आणि नाल्याचं. कारखान्यात ज्या दिवशी ज्या रंगाचा घाणा चालू असेल त्या रंगाचं पाणी मागच्या नाल्याला. रस्त्याच्या कडेची डबकीसुद्धा गुलाबी, जांभळी. सकाळी मी आत पाऊल टाकलं की त्यांचा पहिला प्रश्न, "आज नाला कोणता?" मी सांगायची, निळा. ते मान हलवायचे. एकदा मला चेव आला. नाला पोपटी होता, मी सांगितलं, "काळा ठिक्कर, सर." ते गंभीर झाले. काळा म्हणजे तो वाईट घाणा, त्या दिवशी वाऱ्याने खोकला यायचा. ते लगेच उठून गेटवर गेले आणि वॉचमनला म्हणाले, आज मुलांना नाल्याकडे जाऊ देऊ नको, काळा सोडलाय. वॉचमन नाल्यापाशीच उभा होता. त्याने एकदा पोपटी पाण्याकडे बघितलं, एकदा साहेबांकडे. दुपारपर्यंत सगळ्या कारखान्यात झालं, भोईरसाहेब सकाळीच लावून येतात. थेंबालाही न शिवणारा माणूस! मी जीभ चावली, पण हसू दाबायला. खरं सांगायला नव्हे.

मात्र मशीन अडलं की हसणाऱ्यांची तोंडं बंद व्हायची. एकदा दिवाळीच्या तोंडावर डिस्पॅचची चलनंच निघेनात. गेटवर ट्रक उभे, ड्रायव्हर शिव्या देतायत, फॅक्टरी मॅनेजर सबनीससाहेब काचेच्या दारात मोज्यांवर नाचतायत. कारण बूट काढल्याशिवाय भोईरसाहेब त्यांनाही आत घेत नसत.

भोईरसाहेबांनी डीएफ मारलं. डिस्कवर जागा किती उरली ते हा हुकूम सांगतो.

"काय म्हणतंय?"

"शंभर टक्के भरलीय, सर. उरली शून्य."

"घरात पाय ठेवायला जागा नाही, मग चलन लिहिणार कुठं? आता कोण पसरून झोपलाय तो शोधू." त्यांनी सगळ्या कप्प्यांची वजनं मागवली, लहान-मोठी लावली आणि शेवटची एकच ओळ ठेवली. "वाचा."

प्रिंटरची एक नोंदफाइल होती. महिनोन्‌महिने फुगत राहिलेली. मी मालकिणीच्या आवेशात म्हटलं, "उडवते!"

त्यांनी माझं मनगट धरलं. एरवी चुकूनसुद्धा हात न लावणारा माणूस. "उडवायचं नाय! प्रिंटरचा प्रोग्राम तिच्याव बसलाय. तू खाट वढशील त त्यो परल नि जागाबी सुटायची नाय. खाट र्‍हाऊ दे. गोदडी रिकामी कर." रागावले किंवा खूश झाले की साहेबांची ऑफिसची मराठी सुटायची आणि कोपरची बोली वर यायची. फाइल न पुसता ती नुसती रिती केली. बाहेर प्रिंटर खरखरायला लागला. त्या आवाजावर त्यांनी मान डोलावली आणि डबा उघडला. सबनीससाहेब दारातूनच म्हणाले, "भोईर, तू देव आहेस." देवाने बोंबील तोंडात टाकला.

गोठलेला प्रोग्राम मारायचीही त्यांची रीत होती. किल नावाचा हुकूम असतो. त्याला नऊ नंबर जोडला की समोरचा जागच्या जागी खलास, हातातलं काम ठेवायलाही सवड नाही. आम्हाला सगळ्यांना नऊ नंबरचीच चटक. ते आधी साधा किल मारायचे. "त्याला सांगायचं, बाबा, आवर तुझं. आवरायला वेळ द्यायचा. ऐकलंच नाही, तर मग नऊ." कुणाचा प्रोग्राम मारायच्या आधी त्या माणसाला विचारायला स्वतः चालत जायचे, स्टोअर्सपर्यंत, भिंतीला बोटं घासत. मला वाटे, रंग उडालाय का बघतात.

आता तो टुक.

मशीनच्या मुख्य पडद्याच्या पोटात एक बारीक भोंगा होता. दर तासाला तो वाजायचा. एक टुक. कधी दोन. कधी सकाळी मी चप्पल काढत असतानाच तीन. काचेपलीकडे अकाउंट्सच्या बायका बसायच्या, त्यांच्या डोक्यात तो आवाज जायचा. "अगं लेले, तुमच्या त्या मशीनला उचकी लागलीय का? त्याला पाणी पाज!" मी भोईरसाहेबांना विचारलं तर म्हणाले, "असू दे. सवय आहे त्याला."

एकदा ते दोन दिवस रजेवर होते. कल्याणला कुठल्याशा डॉक्टरकडे गेले होते, पोटासाठी असं सांगून. मी राज्यावर. रूट होऊन बसले आणि म्हटलं, चला, घर आवरू. मशीन ठरल्या वेळी आपोआप कोणती कामं करतं ती यादी काढली. त्यात ती फाइल सापडली. उघडून बघितली. डिस्क बघ, प्रिंटर बघ, टेप बघ, आणि वाजव. सगळं ठीक, एक टुक. जागा संपत आली, दोन. बॅकअप बिघडला, तीन. बस, एवढंच. मला हसूच आलं. जे पडद्यावर एका हुकमात दिसतं त्यासाठी शिट्ट्या? पोरखेळ! यादीतली ओळ काढली, फाइल पुसली. पुसण्याआधी पीडब्ल्यूडीसुद्धा मारलं हो, अगदी शिस्तीत. योग्य ठिकाणी उभी राहून योग्य तीच फाइल पुसली मी.

बायकांनी टाळ्या वाजवल्या. वडे आले.

तिसऱ्या दिवशी भोईरसाहेब आले. खुर्चीत बसले. एक तास झाला, ते मान किंचित तिरकी करून थांबले. पुन्हा एक तास झाला. जेवणाच्या सुट्टीत त्यांनी डबा उघडलाच नाही. चार वाजता म्हणाले, "लेलेबाय, मशीन वाजत नाही."

"मी बंद केलं, सर. सगळ्यांना त्रास होत होता."

"बरं," म्हणाले. परत लाव, एवढं एक वाक्य त्यांना म्हणता आलं नाही. मी विचारलं असतं, का? आणि त्या 'का'ला देण्यासारखं एकच उत्तर त्यांच्यापाशी होतं. ते दिलं की खुर्ची गेली.

त्या दिवसापासून ते रोज सकाळी मला विचारायला लागले, "बॅकअपचं बघितलंत? नोंदफाइलला टेल लावून शेवटच्या ओळी बघत जा."

"हो सर, ठीक आहे."

पहिले काही दिवस मी खरंच बघितलं. मग कंटाळा आला. धाकटीसाठी स्वेटर विणत होते, त्याचा गळा उतरत नव्हता, माझं चित्त तिकडे. ते विचारायचे, मी टाक्यांवरून नजर न उचलता म्हणायची, ठीक आहे. काही वेळा तर विचारायच्या आधीच.

टेप लिहिणाऱ्या यंत्राचं डोकं कधी झिजलं देव जाणे. रोज टेप फिरत होती, रोज रबरबँड बदलत होते, आणि टेपांवर काहीही उतरत नव्हतं. मग एके दिवशी डिस्क बसली. असा किरकिर आवाज आला, वाळूत पळी घासल्यासारखा, आणि सगळीकडचे हिरवे पडदे एकदम मुके. भोईरसाहेब शांत होते. "टेप आहे की," म्हणाले. नवी डिस्क आली, त्यांनी बोटांनी रबरबँड मोजून टेप काढली, चढवली. रिकामी. आदल्या दिवशीची रिकामी. त्याच्याही आदल्या दिवशीची. एकामागून एक टेप ते माझ्या हातात देत गेले, "हिला बघा, काय म्हणतंय?" आणि मी प्रत्येक वेळी तेच सांगत गेले. शेवटी कपाटाच्या तळातून जी भरलेली निघाली ती इतकी जुनी की मधल्या काळात कारखान्याने काय बनवलं, कुणाला पाठवलं, मशीनला काहीच आठवत नव्हतं.

दोन दिवसांनी सबनीससाहेबांच्या केबिनमध्ये बोलावणं आलं. मी, भोईरसाहेब, आणि मुंबईच्या ऑफिसातून आलेला एक टायवाला.

सबनीससाहेब म्हणाले, "भोईर, नोंदफाइलमध्ये रोज चूक लिहून येत होती. रोज! तू बघितली नाहीस?"

आता ते म्हणतील, लेलेबाईंना रोज विचारत होतो. मी माझ्या साडीच्या काठाची वीण बघत बसले. फार बारकाईने बघितली, आजही काढून दाखवीन.

"माझी चूक आहे," भोईरसाहेब म्हणाले.

"हे घे, वाच." सबनीससाहेबांनी एक कागद पुढे केला. "मोठ्याने वाच, म्हणजे यांनाही कळेल, आणि खाली सही कर."

भोईरसाहेबांनी कागद घेतला. सरळ धरला, बरोबर वाचायच्या अंतरावर. घसा साफ केला आणि वाचायला लागले. टेपवर लिहिता आलं नाही. यंत्र तयार नाही. काम अर्धवट सोडलं. पुन्हा टेपवर लिहिता आलं नाही. इंग्रजीत, मशीनच्या शब्दांत, अगदी मशीनच्याच कोरड्या सुरात. एकही अडखळ नाही. मशीन अशा वेळी काय लिहितं ते त्यांना तोंडपाठ होतं.

माझ्या नजरेसमोरच तो कागद होता. ती नोंदफाइल नव्हती. कंपनीचं लेटरहेड होतं, आणि त्यावर त्यांना कामावरून दूर का करू नये, असं विचारलेलं होतं.

ते वाचतच राहिले. त्यांना कुणी थांबवलं नाही. टायवाल्याने सबनीससाहेबांकडे बघितलं. सबनीससाहेब खुर्चीतून अर्धे उठले आणि परत बसले. शेवटी ती शांतताच भोईरसाहेबांना ऐकू गेली असावी. त्यांनी वाचणं थांबवलं. अंगठा कागदाच्या वरच्या कडेवरून फिरवला, तिथे लेटरहेडचा ठसा उठून आला होता. आणि कागद टेबलावर ठेवला.

"कधीपासून, भोईर?" सबनीससाहेबांनी हळूच विचारलं.

"काचबिंदू आहे, साहेब. बराच झाला."

नोकरी 'प्रकृतीच्या कारणास्तव' गेली. खुर्ची मला मिळाली. पगारही वाढला. त्या बाईला, म्हणजे मला, तेव्हा वाटलं, एवढी वर्षं मान मोडून काम केलं त्याचं चीज झालं.

पुढची चार-पाच वर्षं मी कोपरला फिरकले नाही. वेळ नव्हता, असं सांगायची. मग एका मासिकासोबत लिनक्सची सीडी फुकट आली. कंपनीत खिडक्या-चित्रांची नवी मशीनं आलेली, जुना एक पीसी भंगारात निघत होता. तो मी मागून घेतला, त्यावर लिनक्स चढवलं, रिक्षात घातला आणि एका शनिवारी अर्ध्या दिवसाच्या सुट्टीत कोपरला गेले. पाप फेडायला, दुसरं काय.

भावाच्या इमारतीत तळमजल्याला त्यांना एक खोली दिलेली होती. त्यांच्या बायकोने, वहिनींनी, दार उघडलं. नऊवारी, कपाळावर ठसठशीत कुंकू, चेहऱ्यावर प्रश्न. आत भोईरसाहेब खाटेवर बसलेले, वाळलेले. मी बोलले तसे आवाजाच्या दिशेने वळले.

"लेलेबाय? नाला कोनता आज?"

मी मशीन जोडलं आणि कीबोर्ड त्यांच्या मांडीवर ठेवला. बोटं जी सुटली! पीडब्ल्यूडी. डीएफ. सगळे जुने हुकूम, सगळे ओळखीचे. चेहऱ्यावर रंग चढला. मग त्यांनी हू मारलं. मशीनवर आत्ता कोण कोण बसलंय ते हा हुकूम सांगतो. कारखान्यात याला पडदाभर नावं यायची.

"काय म्हणतंय? कोन कोन हाय?"

"तुम्हीच आहात, सर. एकटेच."

"बरा," ते म्हणाले. आणि पुढचा हुकूम टाइप करायला लागले.

दर शनिवारी मी जायला लागले. ते टाइप करायचे, मी वाचायची. करण्यासारखं त्या मशीनमध्ये काही नव्हतं, म्हणून ते रिकाम्या फाइली बनवायचे, हलवायचे, पुसायचे. एकदा मी धीर केला. "सर, त्या शिट्टीचं मी मुद्दाम नव्हतं केलं. आणि बॅकअपचं मी रोज खोटं..."

"मना म्हाईत हाय," ते म्हणाले. "रूट दोगांनाच व्हता. वाच फुडं."

"मग केबिनमध्ये सांगितलं का नाहीत?"

"सांगून काय करतू? त्यांनी इचारला असता, तू सोता का नाय बगितलास?" एवढं बोलून त्यांनी एंटर दाबलं. "वाच."

मोठेपणा वगैरे काही नव्हता त्यात. मला थोडी निराशा झाली, खोटं कशाला सांगू. क्षमेची तयारी करून गेले होते मी.

पावसाळा संपला त्यानंतरच्या एका शनिवारी मी निघाले, तेव्हा ते खाटेवर ताठ बसले होते. इस्त्रीचा शर्ट, भांग पाडलेला, कीबोर्ड मांडीवर. वहिनी माझ्यामागे चपला न घालता बाहेरच्या पायरीपर्यंत आल्या. आत ऐकू जाऊ नये म्हणून त्यांनी दार ओढून घेतलं आणि माझा हात धरला.

"बाय, राग मानू नका. तुमी आल्या का ते दोन घंटे हपिसान असतान. तुमी गेल्या का त्यांना परत घरान आनायला मना आठ दिस लागतान. नि तवर तुमी परत येता."